पपईचं सूप आणि माझी पाठ

२१ जून
आजपासून पाठ ताठ ठेवायची. बाकी काही नाही. सगळं दुखणं बसायच्या सवयीचं आहे. छातीचा त्यात संबंध नाही.

स्टुडिओत नवी खुर्ची मागितली. मालकीण ल्याओताई म्हणाली, ही तिसरी खुर्ची, श्वांग. खुर्च्यांनी तुझं काय वाकडं केलंय? दोष कुठे आहे ते मला तायनान स्टेशनवरूनही दिसतं. मी हसले. मालकिणीच्या विनोदाला हसावं लागतं.

दिवसभर लग्नाचे फोटो सुधारले. एका नवरीचा निरोप होता, छाती थोडी वाढवा, पण नैसर्गिक दिसू दे. वाढवली. माऊस दोनदा ओढला की झालं. तेव्हा माझी मंडळी टेबलावर ठेवलेली होती. (मंडळी म्हणजे माझी छाती. ही वही कुणी वाचणार नाही, पण तो शब्द पुन्हा पुन्हा लिहायला हात धजत नाही.) टेबलावर ठेवली की मानेला आराम पडतो. हे ताठ बसण्यात मोडतं का, ते उद्या ठरवीन.

२४ जून
पाठ ताठ ठेवली. तिसरं बटण सुटलं, बँकेच्या रांगेत. पुन्हा वाकून चालले. म्हणजे दोष शर्टाचा आहे. शर्ट बदलायचे.

उकाडा भयंकर. छातीखाली पुन्हा पुरळ. लहान मुलांची पावडर लावली, तिची दुपारपर्यंत कणीक झाली.

यी-आन म्हणाली, आई, तुझ्या खांद्यात पेन्सिल राहील बघ. ब्राच्या पट्ट्यांनी पडलेली खाच आहे तिथे. लेकीला तेरावं सरून चौदावं लागलंय, या वयात असंच बोलतात. ठेवून पाहिली. राहिली.

२६ जून
संकट.

आईने परसातल्या झाडाची कच्ची पपई उतरवली आणि डुकराच्या बरगड्या घालून सूप केलं. मोठा वाडगा यी-आनपुढे ठेवला. म्हणाली, पी बाळा. तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हा इस्त्रीच्या फळीसारखी सपाट होती. बाजारात बायका विचारायच्या, हा मुलगा कितवीत आहे. मी रोज एक वाडगा पाजला. आता बघ. असं म्हणून तिने माझ्याकडे हात केला, माळ्याने बक्षीस मिळालेला भोपळा दाखवावा तसा.

यी-आनने बघितलं. मी भातात डोकं घातलं.

कच्च्या पपईचं सूप प्यायलं की मुलींची छाती भरते, असं आमच्याकडे सगळ्याच आया मानतात. मी मानत नाही. मी शिकलेली आहे. तरी आई स्वयंपाकघरात गेल्याबरोबर यी-आनचा वाडगा मीच संपवला. पोरीवर प्रयोग कशाला.

आई परत आली. रिकामा वाडगा बघून तिचा चेहरा इतका उजळला की मला मान खाली घालावी लागली. म्हणाली, आवडलं ना? उद्या पुन्हा करते.

२९ जून
शेजारच्या काओश्योंग शहरातल्या हॉस्पिटलात जाऊन आले. फक्त माहिती घ्यायला. तायनानमध्येही हॉस्पिटलं आहेत, पण तायनानमध्ये आईच्या मैत्रिणीही आहेत.

वेन डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, बारीक, बोलायला सरळ. खांद्यांच्या खाचा पाहिल्या. पालथं झोपता का? मी म्हटलं, शाळेत असताना झोपायचे. बोटांना मुंग्या येतात का? येतात, पण मी माऊसवर काम करते. मान? खुर्ची वाईट आहे. पुरळ? या वर्षी उन्हाळा जास्त आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बाई, तुमच्याकडे प्रत्येक दुखण्याला वेगळा आरोपी आहे. माझ्याकडे सगळ्यांना मिळून एकच आहे. ऑपरेशनने तो निम्मा करता येईल.

मी म्हटलं, मी फक्त माहितीसाठी आले आहे.

निघताना विचारलं, माझी एक मैत्रीण विचारत होती, हे पपईच्या सुपाने होतं का? डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, सुपाने झालं असतं तर छाती वाढवून देणारे निम्मे सर्जन उपाशी मेले असते. हे रक्तातून येतं. मैत्रिणीच्या आईची कशी आहे? मी म्हटलं, सपाट. मग वडिलांच्या आईची? मला आमच्या देवघरातला आजीचा फोटो आठवला. फोटोवाल्याने ती चौकटीत मावावी म्हणून दोन्ही बाजू कापल्या होत्या.

डॉक्टर म्हणाल्या, ऑगस्टमध्ये हवी ती तारीख घ्या, भुतांचा महिना म्हणून कुणी फिरकत नाही. मी म्हटलं, मी अंधश्रद्धाळू नाही. सप्टेंबर द्या. फक्त धरून ठेवा. घरचं कुणीतरी सोबत लागेल, असं नर्सने सांगितलं.

फोन नंबर घरचा दिला. मोबाईल स्टुडिओत सगळ्यांपुढे वाजतो. घरच्या नंबरवर फक्त पैसे लुबाडणाऱ्या फसवणूकवाल्यांचे फोन येतात, आणि आई त्यांच्याशी तासभर गप्पा मारून त्यांचा वेळ फुकट घालवते. तेवढाच तिचा छंद. त्यामुळे घरचा नंबर सगळ्यात सुरक्षित.

३० जून
आईला आज सांगायचं ठरवलं होतं. सूप केलं होतं. सांगितलं नाही.

कसं सांगणार? आई, तू जे रोज वाडगा भरभरून घडवलंस ते मला नको आहे. असं म्हणायचं?

सुपाने काही होत नाही हे सांगितलं तर तिला मोकळं वाटेल का? वाटेलही. पण मग विचारेल, हे तुला कुणी सांगितलं. डॉक्टरांनी. कुठले डॉक्टर? म्हणजे ते सांगण्याआधी हे सांगायला हवं. म्हणून दोन्ही राहिलं.

उद्या नक्की.

३ जुलै
यी-आनचे वाडगे पिऊन पिऊन माझं वजन वाढलंय. वाढलेलं वजन कुठे जाऊन बसलं ते लिहीत नाही. ब्रा काचते. सुपाने काही होत नाही हे शास्त्र आहे, हा निव्वळ बरगड्यांचा परिणाम.

यी-आन म्हणाली, आई, तू आजीला सरळ सांग ना की मला हे नको. मी म्हटलं, आजीला वाईट वाटेल. ती म्हणाली, मग तू पीत राहणार? मी म्हटलं, थोडे दिवस. ती म्हणाली, तुझं हे थोडे दिवस मला चांगलं माहीत आहे.

सध्याच्या मुलांना आदर कसला तो नाही.

७ जुलै
माझू देवीचा कौल लावला. मनात गोंधळ असला की देवीला विचारावं, यात कमीपणा नाही. बाजारामागच्या देवळात गेले. गर्दी नव्हती.

विचारलं, ऑपरेशन करू का? चंद्रकोरीसारखे दोन्ही लाकडी तुकडे सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे देवी हसली. पुन्हा विचारलं, मग करू नको का? पुन्हा हसली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ नातवाच्या परीक्षेचा कौल लावत होते. म्हणाले, पोरी, देवी हसते म्हणजे तुला उत्तर ठाऊक आहे. भलतं विचारू नकोस.

म्हणून नीट विचारलं, आईला सांगू का? एक तुकडा सपाट, एक उपडा. म्हणजे हो. पहिल्याच फटक्यात. माझ्या मते फरशी ओली होती.

पुन्हा विचारलं, नंतर सांगू का? नाही. बऱ्याच नंतर सांगू का? नाही. सगळं झाल्यावर, बरी झाल्यावर, योग्य वेळ बघून सांगू का? किती वेळा टाकले ते लिहीत नाही. म्हातारे गृहस्थ घरी गेले. शेवटी एकदाचं हो आलं.

मन हलकं झालं. देवीचाच कौल आहे म्हटल्यावर आपण कोण.

८ जुलै
योजना पक्की. आईला सांगायचं, काओश्योंगला नवं सॉफ्टवेअर शिकायला जाते आहे. सोबतीला ल्याओताई.

ल्याओताईला विचारलं. म्हणाली, येते की. एका अटीवर, जे निघेल ते मला दे. मी म्हटलं, तसं देता येत नाही. ती म्हणाली, मग एवढ्या वर्षांच्या मैत्रीचा उपयोग काय? मग गंभीर झाली. म्हणाली, आईला सांगितलंस का? मी म्हटलं, देवीने योग्य वेळी सांगायला सांगितलंय. ती म्हणाली, माझं पित्ताशय काढलं तेव्हा तुझ्या आईने मला पंधरा दिवस माशाचं सूप आणून पाजलं. सी बास मासा, आलं घालून, जखम भरायला. मी कोण तिची? आणि तू तिच्यापासून लपवतेस.

मी विषय बदलला. फोटोतल्या नवरीच्या दंडाबद्दल विचारलं.

१२ जुलै
वाचले.

संध्याकाळी घरी आले तर आई फोनपाशी बसलेली. म्हणाली, आज एका हॉस्पिटलचा फोन आला होता. मी म्हटलं, कुठल्या हॉस्पिटलचा? आई म्हणाली, असतील फसवणूकवाले. नेहमीसारखं मी त्यांना म्हटलं, हो हो, मीच बोलते आहे, सांगा. पुष्कळ बोलली ती मुलगी. आईला मी म्हटलं, फसवणूकवालेच ते. हल्ली हॉस्पिटलचं नाव सांगतात. आई म्हणाली, हो ना.

एरवी फसवणूकवाल्याला कसं झुलवलं ते आई रंगवून सांगते, त्याच्या आवाजाची नक्कल करते. आज काही सांगितलं नाही. थकली असेल. सत्तरी आली.

आई साधी आहे. तिच्यापासून काही लपवायचं तर फार हुशारी लागत नाही.

१५ जुलै
सूप बंद झालं. तीन दिवस आई पपईचं नावही काढत नाही. यी-आनला साध्या भाज्या, टोफू.

माझी युक्ती लागू पडली. युक्ती कोणती ते नीट आठवत नाही, पण काहीतरी लागू पडलं हे नक्की.

२५ जुलै
वादळामुळे सुट्टी. काल खूप वारा होता. आमच्या बाजूला फारसं नुकसान नाही. शेजाऱ्यांच्या कुंड्या जागच्या जागी, दोरीवरचे चिमटेसुद्धा तसेच.

फक्त आमचं पपईचं झाड पडलं. कमरेएवढा खुंट राहिलाय. मी आईला म्हटलं, अरेरे, वादळाने गेलं. आई म्हणाली, हो ना. खुंट वरून अगदी सपाट आहे, सुरीने मुळा कापावा तसा. हल्लीची वादळं काय करतील सांगता येत नाही.

करवत अंगणात भिजत पडली होती. उचलून पुसून ठेवली. आई हल्ली वस्तू जागेवर ठेवत नाही. वय.

मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं म्हणून जास्त वाईट वाटलं. आईला ते झाड प्रिय होतं. मी शाळेत असताना लावलेल्या झाडाच्या बीचं हे झाड. माझ्यासाठीच लावलं होतं ते पहिलं.

४ ऑगस्ट
भुतांचा महिना लागला. या महिन्यात आमच्याकडे लग्न नाही, घर घेणं नाही, ऑपरेशन तर नाहीच. त्यामुळे आईशी बोलणंही बरं नाही. अशुभ विषय या महिन्यात काढू नयेत. एक महिना तरी निवांत.

स्टुडिओही रिकामा. ल्याओताई म्हणाली, बस, फोटो काढू तुझा, दिवे तपासायचे आहेत. काढला. मग सहज म्हणून कॉम्प्युटरवर स्वतःची मंडळी थोडी कमी केली. माऊस दोनदा ओढला की झालं. फोटोतली बाई बराच वेळ बघत बसले. तिची मान लांब होती. माझ्या आईसारखी दिसत होती. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

फाईल पुसून टाकली.

१५ ऑगस्ट
नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो व्हिएतनाममध्ये कारखान्यात असतो. सगळं सांगितलं, पाठ, बोटं, डॉक्टर, सप्टेंबर. तो स्क्रीनवर डोळे मोठे करून ऐकत राहिला, एक शब्द नाही. किती समजूतदार माणूस, असं वाटून मला भरून आलं. मग कळलं, चित्र अडकलं होतं. पुन्हा फोन लागल्यावर म्हणाला, तुला बरं वाटेल ते कर. काय करायचं आहे पण?

पुन्हा सांगितलं. म्हणाला, आईंना सांगितलंस ना? सगळ्यांना एकच प्रश्न सुचतो.

२० ऑगस्ट
यी-आनच्या शाळेत गेले होते. फाटकातून ती मैत्रिणींबरोबर येताना दिसली. खांदे पुढे घेतलेले, मान खाली, दप्तर पोटाशी धरलेलं. तिला लपवण्यासारखं काही नाही. फळी आहे फळी. तरी चालते माझ्यासारखी.

मी म्हटलं, ताठ चाल. ती म्हणाली, तू चाल ना आधी.

हे लिहायला नको होतं. लिहिलं आता.

२६ ऑगस्ट
आईचं काहीतरी बिघडलंय. काळजी वाटते.

एक. माझ्या जेवणातला सोया सॉस बंद केला. मी मागितला तर म्हणाली, जखमा काळ्या पडतात. कुठल्या जखमा? म्हणाली, असंच, सगळ्यांच्या. स्वतःचा रक्तदाब वाढला असेल, आम्हाला सांगत नाही.

मग जिनसेंगच्या औषधी मुळांची बरणी कपाटात घालून कुलूप लावलं. मी थोडं मागितलं तर म्हणाली, महिनाभर नाही, रक्त पातळ होतं.

फ्रीजरमध्ये सी बास. पाच-सहा असतील. बर्फाचा ट्रेसुद्धा बाहेर काढून ठेवलाय. विचारलं तर म्हणाली, यी-आनच्या परीक्षेसाठी, डोकं चालतं. यी-आनची परीक्षा डिसेंबरात आहे.

आणि माझे दोन जुने शर्ट उसवून पुढे बटणं लावून दिली. मी म्हटलं, आई, मी डोक्यातून घालते. म्हणाली, असू दे, हात वर करायला नको.

ल्याओताईला सांगितलं. ती म्हणाली, श्वांग, तू खरंच अशी आहेस की सोंग करतेस? मी म्हटलं, कशी? ती म्हणाली, काही नाही. नवरीचा झगा खाली ओढ, पोट दिसतंय. (फोटोबद्दल होतं ते.)

आईला डॉक्टरकडे न्यायला हवं. माझं झालं की लगेच.

३ सप्टेंबर
भुतांचा महिना संपला. आता कारण उरलं नाही. म्हणजे अडचण उरली नाही, असं लिहायचं होतं.

आईला सांगितलं, सोमवारी काओश्योंगला जाते, सॉफ्टवेअर शिकायला, तीन-चार दिवस. आई म्हणाली, बरं. आणखी काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, शिकताना फार दुखलं तर त्यांना सांग. लाजू नकोस. दुखतं म्हणून सांगायला लाजायचं नसतं.

मी म्हटलं, सॉफ्टवेअर आहे ते, आई. म्हणाली, हो, तेच.

खोटं बोलले याचं वाईट वाटतं. पण तिच्यासाठीच बोलले. तिला त्रास नको.

९ सप्टेंबर, दुपार. हॉस्पिटल.
दाखल झाले. मन शांत. उद्या सकाळी ऑपरेशन. ल्याओताई पलंगाजवळ बसून सूर्यफुलाच्या बिया फोडते आहे. शेजारच्या पलंगावरच्या बाईला सांगते आहे, माझं काय, मी पाहुणी, निघालं की घेऊन जायला आले.

वेन डॉक्टर येऊन गेल्या. उभं करून जांभळ्या पेनने रेघा काढल्या. म्हणाल्या, हे एवढं जाईल, हे वर येईल. शिंपी कापडावर खुणा करतो तशा. मी आरशात बघितलं.

एवढं जाईल म्हणजे किती वाडगे?

विचार डोक्यात कसा आला माहीत नाही. सुपाने होत नाही हे मला ठाऊक आहे. पण आई रोज शाळेच्या आधी उठून बरगड्या उकळायची. तिच्या बोटांना पपईचा चीक लागून कातडी सोलायची. मी सूप पिऊन तोंड वाकडं करायची.

खाली जाऊन पाण्याची बाटली आणते.

९ सप्टेंबर, संध्याकाळ. तायनानची गाडी.
पळाले नाही. नीट विचार करायला घरी निघाले आहे, एवढंच. दोन्हीत फरक आहे.

ल्याओताईचे फोन येत आहेत. शेवटी उचलला. म्हणाली, पाणी आणायला कुठल्या गावाला गेलीस? मी म्हटलं, तायनानला. ती मग म्हणाली, रात्रीचं जेवण आलंय तुझं. खाऊ?

खा म्हटलं.

घरी सांगीन, शिक्षक आजारी पडले. वर्ग रद्द झाला. हे पटण्यासारखं आहे.

१० सप्टेंबर
कालचं लिहून ठेवते. लिहायची इच्छा नाही, तरी.

दार उघडलं तर खालच्या खोलीत गादी घातलेली. जिना चढायला नको म्हणून, हे मला बघताक्षणी कळलं. कळलं तेव्हा वाटलं, हे मला दोन महिन्यांपासूनच कळत होतं. उशा तीन, पाठीमागे लावायला. स्वयंपाकघरातून आल्याचा आणि माशाचा वास.

आई बाहेर आली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, एवढ्यात झालं? मग जवळ येऊन पाहिलं. मंडळी होती तशीच होती. कॉलरवरून एक जांभळी रेघ वर आली होती. आई म्हणाली, खुणा केल्या आणि शिंपी पळाला की काय?

मी म्हटलं, कापड पळालं.

यी-आन जिन्यावर बसली होती. म्हणाली, आजी, मी म्हटलं होतं ना, आई पळून येईल. आजी म्हणाली, तू वर जा. ती गेली नाही.

मी शिक्षक आजारी असल्याचं काही बोलले नाही. आईने खुर्ची ओढली. म्हणाली, त्या नर्सने मला सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं होतं ना, मीच बोलते आहे म्हणून. काय खायचं नाही, कसले कपडे. मला वाटलं, तू आज सांगशील, उद्या सांगशील. मग वाटलं, कसं सांगेल? ज्या बाईने केलं तिलाच कसं सांगेल? म्हणून झाड कापलं. तुला दिसेल, कळेल, की माझं काही म्हणणं नाही. तू म्हणालीस, वादळ.

मी कॉलरवरची रेघ बोटाने पुसायला लागले.

आई म्हणाली, रोज देवळात जाते आहे दोन महिने. देवीला म्हणते, मी अडाणी होते, बाजारातल्या बायका हसल्या म्हणून पोरीला पाजत राहिले. तिची मान मोडली माझ्यामुळे. मी झाड कापलं. सगळं झाड. आणि तुला एवढंसं कापून घ्यायला जमलं नाही?

तेव्हा मी सांगितलं. सुपाने काही होत नाही, आई. डॉक्टर म्हणाल्या. रक्तातून येतं. बाबांच्या आईकडून आलं असेल.

आईने वळून देवघराकडे बघितलं. फोटोत आजी दोन्ही बाजूंनी कापलेली, तरी चौकटभर. आई म्हणाली, म्हणजे सासूबाईंचं. इतकी वर्षं मी बाजारात सांगत फिरले, मी केलं, मी केलं. आणि दोन महिने देवीपुढे रडले, मी केलं म्हणून. त्यात माझं काहीच नव्हतं. कौतुकही त्या बाईचं, दोषही त्या बाईचाच. मला काही ठेवलं नाही तिने.

यी-आनला हसू आलं. आईलाही आलं असतं, असं वाटलं. मग तिने विचारलं, तुला कधी कळलं हे?

मी म्हटलं, जूनमध्ये.

झाडाच्या आधी?

हो म्हटलं.

आई उठली. वाडग्यात मासा वाढला, काटे काढले, वर आलं घातलं, माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, खा. जखम नसली तरी चालतो.

पाठ ताठ करून बसले आणि सगळा खाल्ला. इतकं वाईट मला कुठल्याही ब्राने कधी वाटलं नव्हतं.

२९ सप्टेंबर
हॉस्पिटलला आईनेच फोन केला. यावेळी म्हणाली, मी तिची आई बोलते आहे. सोबत मी येणार. हो, पुन्हा पळणार नाही, दाराशी बसेन. ऑक्टोबरची तारीख मिळाली. मी म्हटलं, एकदा कौल लावून बघते. आई म्हणाली, देवीला विश्रांती दे. ती तुला हसून हसून दमली असेल.

ल्याओताई म्हणाली, हॉस्पिटलचं जेवण चांगलं होतं, पुन्हा यायचं असेल तर सांग.

आज सकाळी पपईच्या खुंटाला कोंब दिसला. बाजूने, करंगळीएवढा, दोन पानांचा. पपईचा दांडा आतून पोकळ असतो, पावसाचं पाणी साचलं की खुंट कुजतो, वर काहीतरी झाकण हवं, असं मी आईला म्हटलं. नवी बादली आणते, नाहीतर एखादा डबा शोधते, उद्या नक्की.

संध्याकाळी परत आले तर झाकण घातलेलं होतं. माझ्या जुन्या ब्राची एक वाटी, पट्टीने बांधून, खुंटावर उपडी. आई म्हणाली, पुढच्या महिन्यापासून तुला लागणार नाही.

मापात बसली आहे.